आग्रह : एक नग

धोंडू घाडीला उभ्या आयुष्यात 'तुम्ही' म्हणणारे तीनच जण होते. बायको अंबिका, बँकेचं पैसे देणारं मशीन आणि दर पाच वर्षांनी हात जोडत चाळीत येणारा उमेदवार. त्यातलं अंबिकाचं 'अहो' लग्नाबरोबर आलेलं होतं आणि ते बहुतेक वेळा ओरडण्याच्या आधी यायचं, त्यामुळे धोंडू ते धरत नसे. मशीन 'कृपया आपले कार्ड काढून घ्या' म्हणायचं तेव्हा मात्र तो 'हो, घेतो' असं उत्तर देत असे. मागे रांगेतली माणसं हसायची. धोंडूचं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

बाकी सगळं जग त्याला 'ए' म्हणायचं. बाप लालबागच्या गिरणीत होता, धोंडू दादरच्या एका मंगल कार्यालयात वाढपी झाला, त्याला चौतीस वर्षं झाली. वाढप्याला हाक मारायला नाव लागत नाही. पंगतीत बसलेला माणूस निवृत्त न्यायाधीश असो नाहीतर संस्कृतचा प्राध्यापक, मठ्ठा हवा झाला की त्याच्या तोंडून 'ए, इकडे' हेच निघतं. त्या माणसाला वाईट म्हणू नये. जीभ आपोआप तशी वळते. कोणी 'अहो वाढपी' अशी हाक मारल्याचं धोंडूने चौतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

पण या माणसाला एक विद्या येत होती. त्याला 'नको' ओळखता यायचं.

आपल्याला वाटतं, नको म्हणजे नको. पंगतीत तसं नसतं. मोठ्या घरचा माणूस नको म्हणताना पानावर आडवा तळहात धरतो आणि डावीउजवीकडे बघतो; त्याला जिलेबी हवी असते, पण ती आपण मागितली नाही याला साक्षीदार हवे असतात. मधल्या घरचा माणूस बोटं फाकवून हात धरतो, म्हणजे जिलेबी मधून पडायला वाव राहतो. आणि ज्याला खरंच अजून भूक आहे पण मागायची सवय नाही, तो माणूस 'पोट भरलं' म्हणतो आणि पंख्याकडे बघतो. त्या माणसाला विचारायचं नसतं, सरळ वाढायचं असतं. हे धोंडूला कोणी शिकवलेलं नव्हतं. चौतीस वर्षं वाकून त्याने माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त बघितले होते.

या विद्येचा व्हायचा तो उपयोग चार वर्षांपूर्वी झाला. बुफेला कंटाळलेल्या लोकांना पुन्हा पंगत हवीशी झाली होती. केळीचं पान, रांगोळी, उदबत्ती, सगळं परत आलं, पण आग्रह करायला घरात माणूसच उरलेला नव्हता. काका कॅनडात, मामाला गुडघे, भाऊ पाहुण्यांपेक्षा फोनकडे जास्त बघणारा. अशाच एका लग्नात पाहुणे श्रीखंड-पुरी खाऊन उपाशी असल्यासारखे उठले. "जेवण छान होतं हो, पण कोणी 'घ्या' म्हणालं नाही," असं एक म्हातारा हात धुताना म्हणाला. ते ऐकून जिलेबीचं ताट घेतलेला धोंडू दुसऱ्या पंगतीत त्याच्याच भावापुढे वाकला आणि म्हणाला, "एवढी एक. माझ्यासाठी." म्हाताऱ्याच्या भावाने सहा खाल्ल्या आणि डोळे पुसले.

केटरर हितेंद्रशेठ हे दारातून बघत होते. हितेंद्रशेठ म्हणजे धंद्याचं डोकं. पुढच्या महिन्यात त्यांच्या छापील पॅकेजमध्ये गुलाबपाणी, गजरे आणि सनई यांच्या खाली एक नवी ओळ आली: 'आग्रह : एक नग'.

"पण बनियनवर आग्रह चालणार नाही, धोंडू," हितेंद्रशेठ म्हणाले. "बनियनवाल्याने दोनदा विचारलं की लोक म्हणतात, आगाऊ आहे."

त्यांनी हिंदमाताहून रेशमी कद आणला, जरीचं उपरणं आणलं, सोनेरी काड्यांचा बिननंबरी चष्मा आणला. नाव अप्पा ठेवलं. आडनाव ज्याचं लग्न त्याचं. यजमानांनी फक्त चारचौघांत ओळख करून द्यायची: हे आमचे अप्पा, गावाला असतात. घरच्यांना अर्थातच ठाऊक असायचं, पण आग्रहाचं काम आपल्या अंगावर आलं नाही या आनंदात घरचे गप्प बसायचे.

आणि काय सांगावं! तेच वाक्य, तोच माणूस, तीच जिलेबी. पण कद नेसलेल्या धोंडूने 'एवढी एक, माझ्यासाठी' म्हटलं की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. "काय अगत्य आहे! हे शिकवून येत नाही हो. खानदान लागतं." तरुण पोरं वाकून पायाला हात लावायची. "अप्पा, तुम्ही बसा ना. अप्पा, तुम्ही दमलात." त्या 'तुम्ही'ने धोंडूची पाठ सरळ व्हायची. चौतीस वर्षांचा बाक तीन तासांपुरता निघून जायचा. घरी गेल्यावर तो अंबिकाला मोजून सांगायचा, आज अमुक इतके तुम्ही मिळाले.

"तुमीचा लोणचा घालतास काय?" अंबिका म्हणायची. पण ती कद मात्र स्वतः हाताने धुवायची, त्याच्या काठाला कोणाला हात लावू द्यायची नाही.

हितेंद्रशेठचा एकच आक्षेप होता. आग्रह पहिल्या दोन पंगतींपुरता बुक असायचा. शेवटची पंगत ड्रायव्हर, बँडवाले, फुलवाले आणि मेंदीवाल्या बायकांची. तिथे पदार्थ पोचले की झालं, अशी रीत. धोंडू तिथेही कदातच जायचा. "उतरवायला वेळ लागतो, शेठ," असं सांगायचा आणि फुलवाल्यापुढे वाकून म्हणायचा, "एवढी एक. माझ्यासाठी." त्या पंगतीत पंख्याकडे बघणारे खूप असायचे.

तिथेच त्याला कास्मीर भेटला, मागच्या मे महिन्यात, शिवाजी पार्कच्या रांगणेकरांच्या श्रेयाच्या लग्नात. कास्मीर हा रांगणेकरांकडे बावीस वर्षं असलेला ड्रायव्हर, राहणार गिरगावातल्या एका ख्रिस्ती वाडीत, अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून. त्याच्या घरात 'तुम्ही' हा शब्द एका माणसासाठी वापरतच नसत. आईला तू, फादरला तू, देवाला तू, मग रांगणेकरसाहेबांना वेगळं काय म्हणणार? "सेठ, तू बस, मी गाडी काढतो," असं तो भर सोसायटीत म्हणायचा. रांगणेकरबाईंनी बावीस वर्षं प्रयत्न करून शेवटी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायला सुरुवात केली होती. श्रेयाच्या लग्नात त्याने नऊ जिलेब्या खाल्ल्या आणि धोंडूच्या पाठीवर थाप मारली. "अप्पा, तू बेस्ट माणूस हाय."

कदात असूनही त्याला तू म्हणणारा तो एकटाच निघाला. धोंडूला त्या रात्री थोडं लागलं, खोटं कशाला बोला.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची तो दिवस. लग्न फणसवाडीच्या सबनिसांच्या मुलीचं, पूर्वीचं. वाडी पाडून टॉवर झाला तेव्हा सबनीस तळमजल्यावरून तेविसाव्या मजल्यावर गेले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात 'आमच्याकडे' हा शब्द वाढला. आमच्याकडे पंगतच असते. आमच्याकडे आग्रह असतो. गोरज मुहूर्त होता, सहा वाजून बावीस मिनिटांचा. सकाळी सीमांतपूजन झालं आणि एक वाजता पहिली पंगत बसली. सबनिसांनी व्याह्यांच्या चार नातेवाइकांना बोलावून ओळख करून दिली.

"हे आमचे थोरले बंधू, अप्पा. नाशिकला असतात."

धोंडू वरपक्षाच्या पहिल्या रांगेपासून सुरू झाला. नेहमीप्रमाणे नजर पानांवर. पहिल्या पानाला साधा आग्रह, दुसऱ्याला प्रेमाचा. तिसऱ्या पानावर एक गोरा हात आडवा झाला. पोवळ्याची अंगठी, मनगट किंचित वळलेलं, करंगळी वर. धोंडूचा हात ताटावरच थांबला. हा 'नको' त्याच्या ओळखीचा होता. मागचा मे महिना, पहिली पंगत, यजमानीणबाई. त्याने हळूच मान वर केली. नवरदेवाची आई, रांगणेकरबाई, तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होत्या. नवरदेव विनीत रांगणेकर म्हणजे श्रेयाचा भाऊ, हे धोंडूला कोणी सांगितलं नव्हतं आणि पत्रिका वाचायची वाढप्यावर वेळ येत नाही.

रांगणेकरबाई गप्प बसल्या असत्या. धोंडूही पुढे सरकला असता. पण चौथ्या पानावर इंदूमावशी होत्या.

इंदूमावशी या रांगणेकरसाहेबांच्या, म्हणजे विनीतचे वडील वसंत यांच्या मावशी, वय चौऱ्याऐंशी, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरात त्यांचा शब्द शेवटचा. श्रेयाच्या लग्नात त्यांनी जाहीर केलं होतं, की या सगळ्या रांगणेकरांत सभ्य माणूस एकच आहे आणि तो देवगडला जाऊन बसलाय. कारण त्या वेळी धोंडू देवगडचा चुलतभाऊ होता. रांगणेकरांची एक शाखा साठ वर्षांपूर्वी भांडून देवगडला गेलेली होती, त्यामुळे तिकडून कोणीही उगवलं तरी खपून जाई.

"अगंबाई, अप्पा!" मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तुम्ही देवगडहून कधी आलात?"

तेवढ्यात सबनीस हात चोळत आले. "ओळख झाली वाटतं आमच्या बंधूंची!"

"कोणाचे बंधू?"

"माझे. थोरले. सख्खे."

इंदूमावशींनी चष्मा सारखा केला. "हे आमच्या वसंताचे चुलतभाऊ आहेत. त्याच्या सख्ख्या काकांचे चिरंजीव." मग त्यांनी पानावरचा लाडू उचलला, डावीकडे ठेवला, पुरी उजवीकडे ठेवली, मध्ये जिलेबी ठेवली आणि नातं मांडायला सुरुवात केली. "अप्पा सबनिसांचे सख्खे भाऊ. अप्पा वसंताचे सख्खे चुलतभाऊ. म्हणजे सबनीससुद्धा वसंताचे चुलतभाऊ. म्हणजे..." त्यांनी लाडू आणि पुरी एकत्र आणली. "म्हणजे विनीत आणि पूर्वी एकाच कुळातली भावंडं! हे लग्न होऊ शकत नाही."

सनई थांबली. गुरुजींना बोलावण्यात आलं. गुरुजी अर्धा लाडू हातात धरून म्हणाले, की पत्रिकेत गोत्रं वेगळी आहेत. "मग कोणीतरी गोत्र बदलून लिहिलंय," मावशी म्हणाल्या. "मी पानावरून उठायची नाही आणि या लग्नाला हो म्हणायची नाही."

सर्वांत वडील माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. त्यामुळे साठ माणसं वाळत चाललेले हात घेऊन बसून राहिली. मठ्ठा अजून यायचा होता.

खरं तर एक वाक्य पुरलं असतं. 'आम्ही हा माणूस भाड्याने आणलाय,' एवढंच. ते सबनिसांनाही ठाऊक होतं आणि रांगणेकरबाईंनाही. पण बोलायचं कोणी? सबनीस धोंडूला कोठीघरात घेऊन गेले आणि तांदळाच्या गोणींमागे उभे राहून म्हणाले, "अप्पा, तुम्ही एवढंच सांगा, की तुम्ही रांगणेकरांचे कोणी नाही." ते बाहेर पडतात तोच रांगणेकरबाई आत आल्या. "अप्पा, तुम्ही फक्त म्हणा, की तुम्ही सबनिसांचे कोणी नाही." धोंडू दोघांनाही हो म्हणाला. वाढप्याला नाही म्हणायची सवय नसते. मग त्याच्या लक्षात आलं, की दोन्ही खरं असलं तरी दोन्ही मिळून मावशींना पटणार नाही. नाशिकचाही नाही, देवगडचाही नाही, मग हा कदातला माणूस कुठला?

तिसरी आली ती पूर्वी. पिवळी साडी, डोळ्यांतलं काजळ उतरलेलं. मुलगी विनीतला पाच वर्षं ओळखत होती आणि मुहूर्ताला साडेचार तास राहिले होते.

"काका, बाबा सांगणार नाहीत. विनीतची आईही सांगणार नाही. तुम्ही सांगाल का?"

धोंडूने कदाची कड चाचपली. तिच्या मागण्याचा अर्थ त्याला पुरता कळला होता. एकदा पंगतीसमोरच्या सनईच्या मंचावर उभं राहून 'मी वाढपी' म्हटलं, की अप्पा संपले. हितेंद्रशेठ ती ओळ पॅकेजमधून काढून टाकतील. अंबिकाला सांगायला काही उरणार नाही. पुन्हा बँकेचं मशीन. तो पाच मिनिटं तांदळाच्या गोणीवर बसला. मग उठला आणि मंचावर जाऊन त्याने माइक घेतला.

"मंडळी, मी सबनिसांचो कोण नाय," त्याच्या तोंडून घरचीच भाषा निघाली. "रांगणेकरांचोय कोण नाय. मी हयसर वाडपी आसंय. धोंडू घाडी. लालबागचो."

आणि इंदूमावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाहिलंत?" त्या म्हणाल्या. "दोन्ही घरांची अब्रू राखायला हा माणूस स्वतःला वाढपी म्हणवून घेतोय. आणि भाषा बघा, आपल्या मातीची भाषा विसरलेला नाही! तुमच्यापैकी एकाला तरी जमेल?"

टाळ्या पडल्या. वरपक्षातले एक गृहस्थ पुढे येऊन धोंडूच्या पाया पडले.

"अवो, खरा सांगतंय! माझो बाप गिरणीत होतो!"

"किती साधेपणा," गृहस्थ म्हणाले.

धोंडू चिडला. त्याने आतून वरणाची बादली आणली आणि कद खोचून तो पंगतीत शिरला, की बघा, हे कोणा खानदानी माणसाला जमतं का. डाव्या हातात बादली, उजव्या हातात पळी, कमरेत वाकून, न थांबता, एक थेंब न सांडता वीस पानं. लोक उभे राहिले. फोन वर झाले. "सेवाभाव!" कोणीतरी ओरडलं. एका बाईने तिच्या मुलाला पुढे ढकललं. "बघ, थोर माणसाला कुठल्याच कामाची लाज नसते. नाहीतर तू, साधं ताट उचलत नाहीस." सबनिसांनाही क्षणभर आपल्या भावाचा अभिमान वाटला. मावशींचा निर्णय मात्र आणखी पक्का झाला. इतकी नम्रता दोन्ही घरांत दुसऱ्या कोणातच नव्हती, तेव्हा माणूस खराच अप्पा होता.

अडीच वाजले. हितेंद्रशेठ डोकं धरून बसले होते, कारण दुसरी पंगत जिन्यात खोळंबली होती.

धोंडू कोठीघरात गेला. त्याने चष्मा काढला. उपरणं काढलं. कद सोडला, अंबिका घालते तशा घड्या घातल्या आणि गोणीवर ठेवला. खुंटीवरचा बनियन चढवला, कमरेला पंचा गुंडाळला, मठ्ठ्याची बादली उचलली आणि चौतीस वर्षांची आरोळी देत तो बाहेर आला.

"मठ्ठा, मठ्ठा, मठ्ठा! सरका!"

कोणीही त्याच्याकडे बघितलं नाही. साठ माणसं वाट्या पुढे करत होती आणि माना वळवून मंचाकडे बघत होती. "अप्पा कुठे गेले?" असं मधली मंडळी विचारत होती. "रडत असतील आत," कोणीतरी म्हणालं. धोंडू त्यांच्याच वाटीत मठ्ठा ओतत होता. ज्या गृहस्थांनी मघाशी पाय धरले होते त्यांनी वर न बघता बोटाने 'अर्धी' अशी खूण केली.

इंदूमावशींची वाटी रिकामी राहिली. त्या शेजारणीला सांगत होत्या, "चारित्र्य माणसाच्या वागण्यावरून कळतं, कपड्यांवरून नाही. मी चाळीस वर्षं मुलं पारखलीयेत." आणि मग, मान न वळवता, दोन बोटं हवेत नाचवून म्हणाल्या, "ए, इकडे! मला नाही दिलास. कोथिंबीर नको हं घालूस."

"आलो, मावशी," धोंडू म्हणाला.

आवाज ओळखीचा होता. मावशी वळल्या. त्यांनी बादली बघितली, बनियन बघितला, मग वर चेहरा बघितला. त्यांची दोन बोटं अजून हवेतच होती. त्यांनी ती हळूच खाली घेतली. म्हातारीने शाळेत आयुष्य काढलेलं होतं, स्वतःची चूकसुद्धा लाल पेनाने दाखवणारी. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला ऐकू आलं होतं. अप्पांना आपण 'ए' म्हणणं शक्य नव्हतं, म्हणजे हे अप्पा नव्हते.

"तू वाढपी आहेस," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

पंगतीतून सुटकेचा निःश्वास निघाला. लग्न वाचलं. गुरुजींनी लाडवाचा उरलेला अर्धा भाग तोंडात टाकला. मावशींनी मठ्ठा घेतला, प्यायला आणि त्या उठल्या. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली.

हात धुवायच्या जागी सबनीस आणि रांगणेकरबाई पहिल्यांदा एकमेकांशी मोकळेपणाने बोलले. "काय धारिष्ट हो या लोकांचं!" रांगणेकरबाई म्हणाल्या. "आमच्या घरात शिरला, श्रेयाच्या लग्नात." "आम्हालाही फसवलं," सबनीस म्हणाले. "खुशाल भाऊ म्हणून वावरत होता. आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं." दोघांनी धोंडूला बोलावून समोर उभं केलं. सबनिसांनी त्याला सांगितलं, की खोटेपणा शेवटी उघडा पडतोच, हे आता तरी शीक. धोंडू उभा राहिला. त्याला वाटलं, विचारावं यांना, मघाशी गोणींमागे मला अप्पा कोण म्हणत होतं? पण पूर्वी पलीकडे विनीतचा हात धरून हसत होती. त्याने मान हलवली. हितेंद्रशेठ धावत आले आणि दोन्ही पक्षांची माफी मागून म्हणाले, "माणूस नवीन आहे." त्याच जागी उभ्या उभ्या त्यांनी पेनाने छापील पॅकेजमधली एक ओळ खोडली.

पूर्वी जवळून गेली तेव्हा धोंडू जरा थांबला. तिच्या मैत्रिणी भोवती होत्या, कोणी गजरा माळत होतं, कोणी फोटो काढत होतं. तिने हातातला रिकामा ग्लास त्याच्याकडे केला. "जरा हे घेशील?" ती म्हणाली, आणि लगेच फोटोकडे वळली. तिची काही चूक नव्हती. समोर बनियन होता. धोंडूने ग्लास घेतला.

चार वाजता शेवटची पंगत बसली. वर सभागृहात माइकवाला मंगलाष्टकांसाठी हॅलो हॅलो करत होता. खाली ड्रायव्हर, फुलवाले, मेंदीवाल्या बायका. धोंडू जिलेबीचं ताट घेऊन फिरला. एकेक वाढली, विचारलं नाही, पुढे गेला. बनियनवर विचारलं की आगाऊपणा होतो. फुलवाला पंख्याकडे बघत होता. धोंडूने त्याला दिसलं नाही असं केलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

कास्मीर पानावर बसला होता. गाडीत बसून त्याला बातमी कळलेली होती; आजकाल बातमी जेवणाच्या आधी पार्किंगमध्ये पोचते. तो उठला आणि धोंडूच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"बस खाली."

"अरे, माझी ड्युटी..."

"बस रे, बोलतो ना मी! सकाळपासून खाल्ला काय तू?"

खाल्लं नव्हतं. वाढपी सगळ्यांनंतर खातो आणि आज ते 'नंतर' आलंच नव्हतं. कास्मीरने त्याला खांदे दाबून स्वतःच्या पानावर बसवलं. मेंदीवाल्या बायका सरकल्या. कोणीतरी भात आणला, कोणीतरी बटाट्याची भाजी. धोंडू मान खाली घालून जेवला. त्याच्या लक्षात आलं, की चौतीस वर्षांत या जमिनीवर तो पहिल्यांदाच बसलाय. इथून वाढप्याचा चेहरा केवढा उंचावर दिसतो.

कास्मीर जिलेबीचं ताट घेऊन समोर उभा राहिला. मग त्याला आठवलं, की आग्रह वाकून करतात. त्याचं पोट मध्ये येत होतं, तरी तो वाकला.

"एवढी एक," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

"नको," धोंडूने पानावर हात आडवा धरला. "पोट भरलं." आणि तो पंख्याकडे बघायला लागला.

कास्मीर हलला नाही. आईला तू, फादरला तू, देवाला तू म्हणणारा, बावीस वर्षं बाईंनी शिकवूनही न शिकलेला तो माणूस वाकलेलाच राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि ते त्याच्या तोंडात बसत नव्हतं. कपाळावर घाम आला. फुलवाला, बँडवाले, सगळे खायचं थांबून बघायला लागले.

"अप्पा," कास्मीर म्हणाला. "तुम्ही घे."

मेंदीवाली एक बाई फिसकन हसली. व्याकरण सपशेल चुकलं होतं. धोंडूने पंख्यावरून नजर काढली, कास्मीरकडे बघितलं, आणि पानावरचा हात बाजूला घेतला.